रणातला उपास

सोलापूर
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

संगू,

हे पत्र फोडलंस म्हणजे माझं निम्मं काम झालं. माझं अक्षर ओळखून तसंच फेकून देशील म्हणून पाकिटावरचा पत्ता तुझ्या भावजींकडून लिहून घेतला. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलास, पण पत्राला तसं बटण नसतं. पत्ता तुझ्या दोस्ताने, हरिदासने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याच्या दुकानात जाऊन ठाण मांडून बसले, गिऱ्हाइकांना माप सांगायला लागले, तेव्हा बिचाऱ्याने कागद पुढे केला. खावडा बसस्टँडजवळचं पंक्चरचं दुकान, तिथे संगमेश टँकरवाला म्हणून विचारायचं, एवढंच त्याला माहीत होतं. तू तिकडे कच्छच्या रणात सोलारच्या प्रकल्पावर पाण्याचा टँकर चालवतोस, हेही तेव्हाच कळलं.

अप्पा श्रावणात गेले. तुला हरिदासने फोन केला होता आणि तू "बरं" म्हणून ठेवून दिलास. यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्या. खोडलेलं दिसतंय तेवढं तुला पुरे.

कामाचं सांगते. आठ वर्षांपूर्वी सिद्धरामाच्या यात्रेआधी नंदीध्वज पेलायच्या सरावात तुझ्या हातची काठी कलली आणि अप्पांनी सगळ्या आळीदेखत तुझ्या कानाखाली मारली. कमरेत दम नाही तर काठीला हात कशाला लावतोस म्हणाले. तू गळ्यातलं इष्टलिंग डबीसकट काढून त्यांच्या हातावर ठेवलंस आणि गेलास. काठी कलली होती, पडली नव्हती. आणि आदल्या दोन रात्री तू त्यांच्याच ट्रकवर त्यांचाच चादरींचा माल घेऊन हुबळीला जाऊन आला होतास, हे त्यांना चांगलं माहीत होतं. इथपर्यंत तुला पाठच असणार.

तुला माहीत नाही ते पुढचं. ते लिंग अप्पांनी कुणालाच हात लावू दिलं नाही. रोज सकाळी आधी स्वतःची पूजा, मग डाव्या तळहातावर तुझं लिंग घेऊन तुझी. मठातल्या स्वामींनी सांगितलं, गुरुबसप्पा, दुसऱ्याच्या लिंगाची पूजा नियमात बसत नाही. अप्पा म्हणाले, मग नियम जरा सरकून घ्या, मला बसायला जागा पाहिजे. पण तुला फोन करू या म्हटलं की चप्पल घालून बाहेर पडायचे. असा माणूस. मला तर दोघांचाही राग येतो, त्यांचाही आणि तुझाही.

अप्पांना आपल्या रिवाजाने मातीत बसवताना त्यांच्या हातात त्यांचं लिंग दिलं. कुणीतरी म्हणालं, पोराचंही त्यांच्याबरोबरच जाऊ द्या. नवरा गेल्यापासून अव्वा एक शब्द बोलली नव्हती. ती पुढे आली आणि म्हणाली, "जित्या माणसाचं लिंग मातीत जात न्हाय." तेव्हापासून दोन पूजा ती करते.

आता तिला ते तुझ्या हातात द्यायचंय. तू गळ्यात घाल, न घाल, तिचं म्हणणं नाही. पण द्यायचं तुझ्याच हातात. मी म्हटलं कुरिअरने पाठवू, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हा माझ्या शाळेच्या व्हॅनमधून निघतोय. दिवाळीची सुट्टी आहे, गाडी मोकळीच उभी आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी, जी माहेरची मैंदर्गी आणि फार तर गाणगापूर यांच्या पलीकडे कधी गेली नाही, ती रण बघायला निघालीय. उद्या भाऊबीज. ओवाळणी मी स्वतःच वसूल करायला येतेय असं समज.

तुझी
भुवनाक्का


पाटडी, गुजरात
६ नोव्हेंबर

संगू,

पहिलं पत्र पोचलं असेल किंवा आमच्या मागून येत असेल. मी मात्र वाटेत पोस्ट दिसेल तिथून लिहिणार. निदान आम्ही कुठवर आलो ते तुला कळलं पाहिजे. पळायचं असेल तर वेळेत पळता येईल.

गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरात 'शाळेची मुले' लिहिलंय. सुरतेपासून प्रत्येक टोलनाक्यावर लोक वाकून आत बघतात आणि मागच्या सीटवर अव्वा एकटीच दिसते. एकाने विचारलं, कितवीत आहे? अव्वाला गुजराती कळत नाही, पण तिने हाताने सांगितलं की शाळेतच गेले नाही.

वाटेत लोथलला थांबलो. मला पाय मोकळे करायचे होते, तिला सावली पाहिजे होती. तू लहानपणी हत्तरसंग-कुडलच्या देवळात दगडांवरून हात फिरवत बसायचास, सगळे निघाले तरी हलायचा नाहीस, ते तिला आठवलं असणार, कारण तिथल्या भाजक्या विटांवरून ती तसाच हात फिरवत होती. एका खोलीत पुरलेल्या माणसाचा सांगाडा दाखवलाय. तिने रखवालदाराला विचारलं, झोपवून पुरलंय व्हय? त्याला कळलं नाही, मी सांगितलं, हो, झोपवून. ती म्हणाली आपल्यात बसवतात ते बरं, बसलेल्या माणसाला वाट बघता येते. मग गाडीत बसून कडक भाकरी मोडून खाल्ली.

पुढे मी घोळ केला. फोनच्या नकाशाने जवळचा रस्ता म्हणून छोट्या रणात घातलं. आधी रस्ता होता, मग चाकोरी झाली, मग चाकोरीही संपली. चहूबाजूंनी सपाट तडकलेली जमीन, झाड नाही, खांब नाही, दिशा नाही. वरून कोरडी दिसते म्हणून गाडी घातली तर खाली चिखल. पुढची दोन्ही चाकं रुतली. मी शिव्या देत फावड्याने उकरतेय आणि अव्वा खाली उतरून शांतपणे पदर डोक्यावर घेऊन उभी. लांब मिठागर होतं, तिथल्या नवरा-बायकोने फळ्या आणून चाकाखाली घातल्या, गाडी ढकलून काढली, वर त्यांच्या झोपडीत चहा पाजला. पाणी त्यांना टँकरने मिळतं, आठवड्यातून एकदा. त्या बाईने त्यातला तांब्याभर अव्वाच्या पायावर ओतायला घेतला तर अव्वाने तिचा हात धरला. निघताना अव्वाने मला विचारलं, आपला संगू असंच पाणी देत असंल की? मी म्हटलं, असेल. तिला फार बरं वाटलं. गाडीत मग बराच वेळ ती तुझ्याबद्दल बोलत होती, जसा काही तू काल-परवाच घरातून गेलास.

गाडीचा सायलेन्सर खाली लोंबतोय. उद्या तारेने बांधून घेते.

भुवनाक्का


खावडा
९ नोव्हेंबर

संगमेश,

तू ज्यांना चाचा म्हणतोस त्यांच्या पंक्चरच्या दुकानात बसून लिहितेय. माझी दोन्ही पत्रं तुला मिळाली. पहिलं तू इथेच उभ्याने वाचलंस आणि दुसरं न फोडता खिशात घातलंस, हे चाचांनी सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. तू सांगून ठेवलेलं "संगमेश कामावर आहे" हे वाक्यही ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

कामावर तर कामावर. आम्ही काल प्रकल्पाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथला पहारेकरी पासशिवाय सोडत नाही. मी वाद घातला, ओरडले, शाळेच्या गाडीचा परवाना त्याच्या नाकापुढे धरला. अव्वा गाडीतूनच म्हणाली, त्याची नोकरी हाय, त्याला करू दे. मग परत आलो आणि दिवसभर या टायरांच्या ढिगाऱ्यावर बसलो.

दुपारी एक टँकर समोरून गेला. काच खाली, कोपर बाहेर. वेग कमी झाला नाही, उलट वाढला. अव्वा उठून उभी राहिली. तिला आता लांबचं धड दिसत नाही, पण ती म्हणाली, कोपर संगूचं हाय. मी म्हटलं, कोपरावरून कुणी माणूस ओळखतं का. ती म्हणाली, मी ओळखते.

तूच होतास ना? मला उत्तर नको. मला फक्त एवढंच कळत नाही, की एवढ्या लांब, एवढ्या उजाड जागी येऊन राहण्याइतका राग आठ वर्षं ताजा कसा ठेवलास. अप्पांचा ठेवता येईल. हिने काय केलं होतं? सरावाच्या दिवशी ती पदराने तुझं तोंड पुसायला धावली होती आणि तू तिचा हात झटकलास. तो झटकलेला हात ती अजून दाखवते लोकांना, तक्रार म्हणून नाही, कौतुकाने. म्हणे लई जोर होता त्याच्यात.

मी आज परत निघणार होते. शाळा सुरू होईल, भावजींचा रोज फोन येतो. पण अव्वा म्हणते, हरिदासने तुझा तो एक फोटो दाखवला होता, जुन्या शहराच्या दगडी पायऱ्यांवर बसलेला, ती जागा बघून जाऊ. चाचा म्हणाले धोलावीरा, रणातून सरळ रस्ता आहे. तू सुट्टीच्या दिवशी तिथे जातोस, असंही म्हणाले. तेव्हा उद्या तिकडे. येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. ये असंही आता म्हणवत नाही.

भुवनेश्वरी


धोलावीरा
११ नोव्हेंबर, सकाळ

संगू,

इथे फोन लागत नाही, म्हणून हे दुधाच्या गाडीवाल्याच्या हाती देतेय. अप्पा ट्रकवाल्यांच्या हाती निरोप पाठवायचे तसं. तो चाचांच्या दुकानात देईल.

अव्वाचं लिंग हरवलं.

काल रस्ता काही ठिकाणी उखडलेला होता, दोन्ही बाजूंना पांढरं मीठ आणि मध्ये खड्डे, गाडी नुसती उडत होती. दोरा झिजलेला असणार. संध्याकाळी इथल्या पायऱ्यांवरून ती वरखाली झाली, तेव्हा पडलं का गाडीत पडलं, सांगता येत नाही. सकाळी आंघोळ करून पूजेला बसली, गळ्याला हात लावला आणि नुसती बसून राहिली. मी गाडीच्या सीटा काढल्या. पायरी न् पायरी शोधली. इथला रखवालदार आणि त्याची बायको, दोघंही वाकून शोधतायत. कालचा रस्ता निम्म्यापर्यंत परत जाऊन आले.

तुला सांगायला नको, पण आठ वर्षांत विसरला असशील म्हणून सांगते. पूजेशिवाय ती अन्नही घेत नाही आणि पाणीही. काल रात्री झोपताना घेतलं तेच शेवटचं. मी म्हटलं, अव्वा, सोलापूरला जाऊन स्वामींकडून दुसरं घेऊ, तोवर पाणी तरी पी. "ब्याड," म्हणाली, नको म्हणजे नको. मी म्हटलं, संगूचं आहे ना जवळ, अप्पा करायचे तशी त्याची पूजा कर आणि पी. तर म्हणते, अप्पांचं स्वतःचं हातात होतं, वर त्याचं करत होते. स्वतःचं नसताना दुसऱ्याचं घेऊन जेवत नाहीत. गाडीत बस म्हटलं तर इथून हलायलाही तयार नाही. माझं लिंग हितं हरवलंय, मी हितनं हालणार न्हाय, एवढंच.

रखवालदाराच्या बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, अव्वाने हात जोडून नाही म्हटलं. त्या बाईचा चेहरा पडला. इथे पाहुण्याने पाणी नाकारलं तर तो अपमान समजतात. मी समजावलं, पण तिला पटलेलं दिसत नाही.

नोव्हेंबर असला तरी दुपारी इथे ऊन भाजून काढतं. मी तिला उचलून गाडीत घालू शकत नाही. तू घालू शकतोस, किंवा तुझं तरी ती ऐकेल. माझ्यावरचा राग, अप्पांवरचा राग नंतर काढ. ये.

भुवनाक्का


धोलावीरा
१२ नोव्हेंबर, दुपार

संगू,

हे पत्र मी पाठवणार नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही म्हणून लिहितेय.

कालपासून अव्वा या रखवालदाराच्या पडवीत भिंतीला टेकून बसलीय. ओठ सुकलेत, जीभ जड झालीय. ग्रामपंचायतीजवळच्या दवाखान्यातली नर्स येऊन गेली. सलाईन लावू म्हणाली, अव्वाने हात मागे घेतला. मी आज पहाटेपासून तिच्याशी भांडतेय. देवाला तुझा जीव नकोय, असं म्हटलं. अप्पांनी तुला असलं काही करायला सांगितलं नसतं, असंही म्हटलं. मी रडले. माझं रडणं तिने बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

मग तिच्या कपाळाला विभूती लावावी म्हणून मी तिची कापडी पिशवी घेतली, जिच्यात तुझं लिंग आणि विभूतीचा खडा असतो. हात आत घातला. चांदीची एक डबी हाताला लागली. मग दुसरी लागली.

मी दोन्ही बाहेर काढल्या. एकीवर तुझ्या बारशाचं नाव कोरलेलं. दुसरी तिची, दोऱ्यासकट. दोरा तुटलेला नव्हता, नीट गुंडाळून ठेवलेला होता.

संगू, ही बाई आयुष्यात खोटं बोललेली मला आठवत नाही. लहानपणी मी चोरून चिंचा खाल्ल्या तर स्वतः जाऊन शेजारणीला सांगून यायची. मी त्या डब्या हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. तीही माझ्याकडे बघत होती, जरासुद्धा वरमली नाही. म्हणाली, "हरवलं म्हणले, एवढंच. उपास कुटं खोटा हाय?"

आणि ते खरंच आहे. माझ्यासमोर हरवलं म्हटल्यावर तिला पूजा करता येत नव्हती, आणि पूजा नाही म्हणून तिने खरोखरच थेंब घेतलेला नाही. मी झोपले असताना गुपचूप उरकता आली असती. तीही तिने केली नाही. मी विचारलंच. तर म्हणते, त्याला बोलवायला उपास धरलाय, मग त्यात लबाडी कशी करायची?

हे तिच्या डोक्यात कुठून आलं तेही सांगते. परवा संध्याकाळी इथला एक वाटाड्या आम्हाला ते शहर दाखवत होता. केवढे मोठे हौद, खडकात खोदलेले, एकाला जोडून एक, पावसाचा थेंब न् थेंब साठवायची सोय. सगळे कोरडे. अव्वा काठावर उभी राहून म्हणाली, पाण्याची एवढी सोय केली, तरी गेलीच की माणसं. मग गावाबाहेर त्याने मातीचे गोल ढिगारे दाखवले. म्हणाला, ही थडगी, पण आत माणूस सापडला नाही, नुसती भांडी, मणी. त्याचा अंदाज असा, की जी माणसं लांब गेली आणि परत आलीच नाहीत त्यांच्यासाठी घरच्यांनी बांधली असावीत. अव्वाने मला ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या सकाळी लिंग हरवलं.

आता मी काय करू? पहिल्यांदा मनात आलं, धावत जाऊन मिळेल त्या गाडीवाल्याच्या हाती चाचांना निरोप धाडावा, म्हणावं त्याला सांगा येऊ नको, म्हातारी नाटक करतेय. मग मी तिचे ओठ बघितले. तू आला नाहीस तर हे नाटक नाही, हे मला कळतं. मी म्हटलं, पुरे झालं, आता पूजा कर आणि पी, मी कुणाला सांगणार नाही. तिने मान हलवली. तो आल्यावर. आणि नाहीच आला तर? यावर तिने डब्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि पिशवीत ठेवल्या.

मी बाहेर येऊन हे लिहितेय. इथून पांढरं रण दिसतं आणि त्यातून येणारा रस्ता. तो कितीही वेळ बघितला तरी त्यावर काही हलत नाही. दर थोड्या वेळाने मी उठते, आत जाते, तिचा श्वास बघते, बाहेर येते. दुधाची गाडी पोचली असेल का, चाचांनी दिलं असेल का, तू फोडलं असशील का. देवा सिद्धरामा, या माणसाने एकदा तरी माझं पत्र वेळेवर फोडलेलं असू दे.


सोलापूर
२५ नोव्हेंबर

संगू,

आम्ही पोचून आठवडा झाला. गाडीचा सायलेन्सर शेवटी नाशिकच्या अलीकडे पडला आणि आम्ही रणगाड्यासारखा आवाज करत घरी आलो. शाळा सुरू झाली. पोरांना सगळ्या सीटांखाली मीठ सापडतंय.

बाराव्या तारखेचं न पाठवलेलं पत्र सोबत ठेवलंय. आता लपवण्यासारखं त्यात काही राहिलं नाही. पुढचं तू तिथे होतासच, पण तुझं लक्ष अव्वाकडे होतं, म्हणून माझ्या बाजूने दिसलं ते लिहिते.

ऊन उतरायला लागलं होतं. आधी धूळ दिसली, मग टँकर. साठ-सत्तर किलोमीटर प्रकल्पाचा टँकर घेऊन येणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे मला नंतर चाचांनी फोनवर सांगितलं. मुकादम ओळखीचा निघाला म्हणून निभावलं, असंही. तू उतरलास. केस पांढरे झालेत तुझे, संगू. मी दोन पावलं पुढे आले, तू मला बाजूला सारून आत गेलास. दारातच ओरडलास माझ्यावर, म्हातारीला इथे आणलीस कशाला म्हणून. मला इतकं बरं वाटलं त्या ओरडण्याने, की उलट बोलायचं राहूनच गेलं.

अव्वाने तुला जवळ बसवलं नाही, की तोंडावरून हात फिरवला नाही. तिने पिशवी पुढे केली आणि म्हणाली, तुझं घे. तू घाईत पिशवी तळहातावर उलटी केलीस. विभूतीच्या खड्यासोबत दोन डब्या पडल्या. तू बघत राहिलास. तुला ओळखू येणारच, तिच्या डबीला लहानपणी तूच दात लावून पोचे पाडले होतेस. मी खाली बघायला लागले. मला वाटलं आता हा उठणार, टँकर चालू करणार, आणि सगळं कायमचं संपलं.

तू म्हणालास, "एवढं करायची काय गरज होती, अव्वा?"

ती म्हणाली, "बोलावलं असतं तर आला असतास व्हय?"

तू तिच्या डबीचा दोरा सोडवलास, तिला दोन्ही हातांनी उचलून टँकरच्या मागे नेलंस आणि नळ उघडलास. ती टँकरच्या पायरीवर बसली, तळहातावर लिंग घेतलं, तू त्यावर पाणी धरलंस. पूजा चालू होती तेवढा वेळ तू दुसरीकडे बघत होतास, पण धार हलू दिली नाहीस. मग ती प्यायली. रखवालदाराची बायको पेला घेऊन धावत आली, अव्वाने दुसरा घोट तिच्या पेल्यातून घेतला. ती बाई रडायलाच लागली.

नंतर तू भाकरी-शेंगाचटणी खाल्लीस. खाताना एकदाच विचारलंस, अप्पांना नीट बसवलं ना? मी म्हटलं, नीट बसवलं. तू मान डोलावलीस. तुझ्या त्या एका प्रश्नासाठी मी तुला पुष्कळ माफ केलंय, सगळं नाही.

आणि मग अव्वाने तुझी डबी पुढे केली. तू म्हणालास, "मला न्हाय जमणार आता. तुझ्याजवळच असू दे." ती बरं म्हणाली. तू डबी घेतलीस, आमच्याकडे पाठ करून पिशवीत ठेवलीस, नाडी ओढून गाठ मारलीस आणि पिशवी तिच्या हातात दिलीस. आमचे कॅन भरलेस, चाकांतली हवा बघितलीस, सायलेन्सरला नवी तार बांधलीस आणि गेलास. मी तुला शिव्या घालतच गाडी चालवली. म्हटलं, एवढी म्हातारी मरणाच्या दारात बसली याच्यासाठी, आणि याला दोन तोळ्यांची डबी जड झाली.

दुसऱ्या दिवशी राधनपूरच्या धर्मशाळेत अव्वा पूजेला बसली. स्वतःची पूजा झाली. मग पिशवी उघडली, झटकली. विभूतीचा खडा पडला, बाकी काही नाही. मी म्हटलं, चल, वळवते गाडी, पडवीतच पडलं असणार. मी किल्ली घेऊन निघालेसुद्धा. अव्वा जागची हलली नाही.

"हरवलं न्हाय," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं नेलं."

मी विचारलं, तुला कधी कळलं? तर म्हणे, त्याने पिशवी हातात दिली तेव्हाच, हलकी होती की. मग रात्रभर गप्प का बसलीस? तर म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू चाचांकडे फोन करून त्याला विचारलं असतंस, आणि तो लाजून परत द्यायला आला असता. माझ्याबद्दल तिचं हे मत आहे. आणि खोटं नाही.

तेव्हा मी विचारत नाही. गळ्यात घालतोस, का टँकरच्या कप्प्यात ठेवतोस, का नुसतंच उशाशी असतं, तुझं तू बघ. हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. एक अडचण झालीय, ती सांगायला लिहितेय.

इतके दिवस तिला दोन पूजा करायची सवय झाली होती. आता एकच असते, ती लवकर आटपते. पण ती पाटावरून उठत नाही. मी भाकरी थापून ताट वाढते, हाका मारते, माझी व्हॅनची वेळ होते, पोरं नाक्यावर उभी असतात. ती तशीच बसलेली, डावा तळहात उघडा ठेवून. काल मी चिडून म्हटलं, अव्वा, झाली ना पूजा, मग जेव की. तर म्हणाली, "थांब की. त्याची व्हायची असंल अजून."

म्हणून सांगते, संगू, सकाळची आंघोळ जरा लवकर करत जा.

तुझी
भुवनाक्का